प्रथमोपचार पेटीला डोळे नसतात

‘शाळा म्हणजे दवाखाना नव्हे.’ शाळेत परिचारिका असावी असा विषय निघाला की हे वाक्य हमखास येतं. संस्थाचालकांच्या सभेत येतं, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत येतं आणि शिक्षकांच्या खोलीतही येतं. त्याच्या मागोमाग बाकीची येतात. वर्षातून एकदा डॉक्टरांचं पथक तपासून जातंच की. कपाटात प्रथमोपचार पेटी आहे. शिक्षकांना प्रशिक्षण दिलंय. मुलाचं आजारपण बघायला आईबाप आहेत. आणि शेवटी, आमच्या वेळी कुठं होती नर्स?

मी बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. यातली बहुतेक वाक्यं मी स्वतः खात्रीनं बोलले आहे. आज त्यातलं एकही मला पटत नाही. ते का, हे सांगायचं तर सहावीतल्या एका मुलीपासून सुरुवात करावी लागेल.

ती खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर बसायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिनं एक नवीनच सुरू केलं. तासाला दोनदा हात वर. ‘बाई, पाणी पिऊन येऊ?’ ‘बाई, बाहेर जाऊ?’ गणिताच्या तासाला तर हमखास. मला वाटलं, अपूर्णांक आले की हिला तहान लागते. चार दिवस सोडलं, पाचव्या दिवशी दटावलं. ‘मधल्या सुट्टीत जा, तोवर बस.’ ती बसली. पाय आवळून, मान खाली घालून बसली. दुपारी बाकावर डोकं टेकून झोपायला लागली तेव्हा तिला उभं केलं. स्कर्ट कमरेला सैल होऊन तिथं पिन लागली होती. ती पिन मी रोज बघत होते. पंधरा-वीस दिवसांनी प्रार्थनेच्या वेळी तिला उलटी झाली, श्वास भराभर चालू लागला, आणि तिच्या तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता. एका पालकाच्या मोटरसायकलवर मधे धरून तिला ग्रामीण रुग्णालयात नेलं, तिथून जिल्ह्याला. टाइप १ मधुमेह. वाचली. डॉक्टरांनी विचारलं, ‘किती दिवस अशी पाणी पाणी करत होती?’ मला दिवस अचूक सांगता आले. दिवसातून किती वेळा उठायची तेही सांगता आलं. मी मोजलं होतं. रागानं मोजलं होतं.

खूप तहान, वारंवार लघवी, उतरत चाललेलं वजन, सतत थकवा. ही चार लक्षणं नर्सिंग शिकणाऱ्या मुलीच्या तोंडपाठ असतात. बोटाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब यंत्राच्या पट्टीवर घेतला असता, तर पहिल्याच आठवड्यात उलगडा झाला असता. त्या मुलीला बघणारं कुणी नव्हतं असं नाही. मी रोज पाच तास बघत होते. पण माझी नजर शिस्त बघत होती.

‘शिक्षकांना प्रशिक्षण दिलंय’ हा युक्तिवाद मला म्हणूनच सगळ्यात घातक वाटतो. २०२० मध्ये आयुष्मान भारतखाली शालेय आरोग्य कार्यक्रम आला. प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक, एक पुरुष आणि एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून तयार करायचे अशी त्याची आखणी. हात धुणं, आहार, व्यसनं, पाळी यांबद्दल मुलांशी बोलायला शिक्षक हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण आरोग्याचा पाठ घेणं वेगळं आणि मूल आजारी आहे हे ओळखणं वेगळं. वर्गातल्या आजाराची अडचण ही की तो बहुतेक वेळा खोडीसारखा दिसतो. फळ्यावरचं चुकीचं उतरवून घेणारा मुलगा निष्काळजी वाटतो. त्याला लांबचं दिसत नसतं. हाक मारली तरी ढिम्म बसणारी मुलगी हट्टी वाटते. तिचा एक कान वर्षभर वाहत असतो. बोलता बोलता काही सेकंद शून्यात बघणाऱ्याला आपण खडू मारून भानावर आणतो. ती एक प्रकारची फिट असू शकते हे आपल्या गावीही नसतं. पेंगणारा आळशी, चिडका उर्मट, दर सोमवारी पोट दुखणारी बहाणेबाज. आम्हा शिक्षकांकडे या सगळ्यांसाठी शब्द तयार असतात, आणि ते शब्द निदानाच्या आड येतात. दोन-चार दिवसांच्या प्रशिक्षणानं बत्तीस वर्षांची सवय जात नाही. माझी गेली नाही.

शिवाय शिक्षकाच्या डोक्यावर आधीच काय काय आहे? शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमानं शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपायला मनाई केली, आणि त्याच कलमानं जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांना मुभा ठेवली. त्यात पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब आणि मोबाइलवर भरायची माहिती. दोन शिक्षकी शाळेत एक जण बैठकीला गेला की दुसरा चार इयत्ता सांभाळतो. अशा माणसाला तुम्ही आरोग्यदूत म्हणा की आणखी काही, तो त्या दिवशी कुणाचा ताप मोजणार?

आता डॉक्टरांच्या पथकाविषयी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरमधून देशभर सुरू झाला. जन्मजात व्यंग, बालपणीचे आजार, जीवनसत्त्वांची वगैरे कमतरता आणि वाढीतला विलंब हे सगळं अठरा वर्षांपर्यंत वेळीच शोधायचं, हा त्याचा हेतू. दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता असं पथक. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. हृदयाला छिद्र असलेली, ओठ दुभंगलेली कितीतरी मुलं या पथकांमुळे शस्त्रक्रियेपर्यंत पोचली आहेत. या कार्यक्रमाविरुद्ध मी एक अक्षर बोलणार नाही. माझं म्हणणं त्याच्या नावानं परिचारिका नाकारणाऱ्यांशी आहे.

तीनशे मुलांची शाळा धरा. दोन डॉक्टर, पाच तास. एका मुलाच्या वाट्याला दोन मिनिटं येतात, आणि त्यातच वजन, उंची, डोळे, दात, कान. त्या दिवशी गैरहजर असलेली मुलं वगळून. आणि बहुधा आजारी मुलंच गैरहजर असतात. बरं, दोन मिनिटांत दोष सापडला, पुढे पाठवण्याची चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी जाते कुठं? मी ती दप्तरात पाहिली आहे, भूगोलाच्या पुस्तकाच्या कव्हरमध्ये, चार घड्या घालून. वडलांनी ती वाचली नव्हती, कारण वडील ऊसतोडीला गेले होते आणि मूल आजीजवळ होतं. जिल्हा रुग्णालयात जायचं म्हणजे दोन एसट्या बदलायच्या, एक मजुरी बुडवायची, आणि पोचल्यावर कळायचं की डोळ्यांचे डॉक्टर आज नाहीत. पुढच्या वर्षी पथक येतं, त्याच मुलाला तोच दोष सापडतो, तीच चिठ्ठी. मुलगा मात्र एक इयत्ता पुढे गेलेला असतो आणि फळा त्याच्यासाठी आणखी पुसट झालेला असतो.

नुसत्या तपासणीनं काय होतं याचा अनुभव जगानं सव्वाशे वर्षांपूर्वी घेतला आहे. न्यूयॉर्कच्या शाळांत १८९७ पासून डॉक्टर मुलं तपासू लागले. खुपऱ्या, खरूज, गजकर्ण, उवा सापडल्या की मूल घरी. उपचार कुणी करायचा हे कुणीच ठरवलेलं नव्हतं. घर म्हणजे स्थलांतरित मजुरांची कोंदट खोली, आई दिवसभर कामावर. शाळेतून काढलेलं मूल संध्याकाळी त्याच वर्गमित्रांबरोबर रस्त्यावर खेळायचं. शाळा निर्जंतुक, आणि रस्ता आजारी. तिथल्या हेन्री स्ट्रीट वस्तीत काम करणाऱ्या लिलियन वॉल्ड यांनी शहराला सुचवलं, आमची एक परिचारिका महिनाभर घेऊन बघा. १ ऑक्टोबर १९०२ रोजी लीना रॉजर्स चार शाळांत कामाला लागल्या, सुमारे दहा हजार मुलांसाठी एकट्या. त्यांनी नवीन काही शोधलं नाही. गजकर्णाला मलम लावलं, डोळे धुतले, आणि संध्याकाळी घरोघरी जाऊन आईला दाखवलं की हे असं करायचं, आणि पोराला उद्या शाळेत पाठवायचं. सप्टेंबर १९०२ मध्ये आजारपणामुळे शाळेबाहेर काढलेल्या मुलांची नोंद १०,५६७ होती. सप्टेंबर १९०३ मध्ये ती १,१०१ वर आली. डॉक्टर आधीही होते. मधल्या काळात नवीन आली ती परिचारिका.

जपानमध्येही सुरुवात खुपऱ्यांपासूनच झाली. १९०५ साली गिफू प्रांतात शाळेसाठी परिचारिका नेमली गेली. आज तिथं शाळेचा आरोग्यकक्ष सांभाळणारी ‘योगो क्योयु’ ही शिक्षकवर्गातलीच एक असते. पोट दुखतंय म्हणून आलेलं मूल तिच्याकडे दहा मिनिटं पडून राहतं, आणि त्या दहा मिनिटांत खरं काय दुखतंय ते कळतं.

परदेशाची उदाहरणं दिली की ‘आपल्याकडे ते चालत नाही’ असं म्हणतात. आपल्याकडे म्हणजे कुठं? १९०९ साली, सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात, भारतात पहिल्यांदा शाळेतल्या मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. न्यूयॉर्कनंतर अवघ्या बारा वर्षांनी. एका मराठी राजाला जे सुचलं होतं त्याबद्दल १९४६ साली देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीनं लिहिलं की देशात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नाहीतच. १९६० मध्ये रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली खास शालेय आरोग्यावर समिती नेमली, तिनं पुढच्या वर्षी अहवाल दिला. म्हणजे ‘आमच्या वेळी कुठं होती नर्स’ म्हणणाऱ्यांच्या वेळीही ही उणीव जाणत्यांना दिसत होती, कागदावर लिहिलेली होती. आणि ‘आम्ही वाढलोच ना’ याबद्दल काय बोलावं? जे वाढले तेच सभेत येऊन बोलतात. माझ्या पहिलीच्या पटावर असलेली आणि चौथीच्या पटावर नसलेली दोन मुलं मला आजही नावानिशी आठवतात.

प्रथमोपचार पेटी. माझ्या शेवटच्या शाळेत ती मुख्याध्यापकांच्या खोलीत, लोखंडी कपाटात, हजेरीपटांच्या मागे असायची. किल्ली एकच. आत कापूस, आयोडीन, दोन पट्ट्या, चिकटपट्टीचं वाळलेलं भेंडोळं, आणि मुदत कधीच उलटलेली मलमाची ट्यूब. मैदानावर मुलाला फिट आली तेव्हा कुणी किल्ली शोधत होतं, कुणी कांदा आणायला पळालं, कुणी चप्पल नाकाशी धरली, आणि एका शिक्षकानं दात बसू नयेत म्हणून तोंडात चमचा घालायचा प्रयत्न केला. सगळे मायेनं करत होते. आणि सगळे चुकत होते. त्याला कुशीवर वळवायचं, आजूबाजूचे दगड हलवायचे, तोंडात काहीही घालायचं नाही, घड्याळ बघायचं आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर गाडी बोलवायची. एवढंच. पण हे एवढंच शांतपणे करणारा माणूस पेटीत ठेवता येत नाही.

आता गोळ्यांचं. दर आठवड्याला लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी, लहानांना गुलाबी, मोठ्यांना निळी. त्याशिवाय जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोल. कल्पना उत्तम, आणि गरज तर भयंकर: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या दर शंभर मुलींपैकी ५९ जणींना रक्तक्षय आढळला. पण ही गोळी कोण देतं, कधी देतं यावर सगळं अवलंबून असतं. परिपाठानंतर, उपाशी पोटी, रांगेत दिली की चार जणींना मळमळतं, एक ओकते, आणि अर्ध्या तासात गावभर होतं की शाळेतल्या गोळीनं विषबाधा झाली. पुढच्या सोमवारी मुली गोळी जिभेखाली धरतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीलगतचं गवत काढलं तेव्हा खाली निळ्या गोळ्यांचा सडा होता. रजिस्टरात प्रत्येकीच्या नावापुढे बरोबरची खूण होती, माझ्याच हातची. परिचारिका असती तर गोळी खिचडीनंतर मिळाली असती. शौचाला काळं होईल, घाबरायचं नाही, हे आधीच सांगितलं गेलं असतं. जिला पाळीत फार रक्तस्राव होतो तिला एकीकडे बसवून विचारलं गेलं असतं. वर्गातल्या पुरुष शिक्षकाला मुली हे सांगत नाहीत, आणि पुष्कळदा मलाही सांगत नव्हत्या, कारण मी त्यांचे पेपर तपासत होते.

न सांगितलेल्या गोष्टींमध्ये याहून भयंकरही काही असतं. लहान मुलं अत्याचार शब्दांत सांगत नाहीत. ती पोट दुखतं म्हणतात, शी-शूला जायला घाबरतात, अंघोळीला नकार देतात. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं माहिती असणाऱ्या प्रत्येकावर कळवण्याचं बंधन घातलं आहे. पण माहिती होण्यासाठी मुलाला कुणाजवळ तरी कपडे वर करून दुखणारी जागा दाखवता आली पाहिजे. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या घटनेनंतर राज्यातल्या शाळांना सीसीटीव्ही सक्तीचे झाले. ते असोत. कॅमेऱ्याजवळ जाऊन कुणी मूल रडत नाही.

आश्रमशाळांबद्दल मात्र माझा आवाज चढतो आणि तो मी चढू देणार. इतर शाळांत निदान दुपारनंतर आईबाप असतात. आश्रमशाळेत शाळा हेच घर. तिथं रात्री दोन वाजता ताप चढलेल्या सात वर्षांच्या मुलीला हात लावून बघणारी बाई म्हणजे अधीक्षिका, आणि तिच्या एकटीच्या वाट्याला शंभर-दीडशे मुली. एकीला खरूज झाली तर खोलीतल्या सगळ्या मुलींवर एकाच दिवशी उपचार करावा लागतो, अंथरुणं-पांघरुणं त्याच दिवशी गरम पाण्यात टाकावी लागतात. नाहीतर ती वर्षभर एकीकडून दुसरीकडे फिरत राहते. नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भाच्या बऱ्याच भागात सिकलसेलची मुलं आहेत. १ जुलै २०२३ पासून देशाचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे, कार्डं वाटली जातात. पण कार्डावर सिकलसेल लिहिलेल्या मुलाला पहाटेच्या थंडीत मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावू नयेत, त्याच्या हाताशी दिवसभर पाणी असावं, हायड्रॉक्सियुरियाची गोळी एक दिवसही चुकू नये, आणि त्याचा ताप हा साधा ताप समजू नये, हे रोज आठवणीनं बघणारं कोण आहे तिथं? मूल दुखण्यानं तळमळतं आणि ‘पाय चेपून घे’ असं सांगितलं जातं. निवासी शाळेत चोवीस तासांची परिचारिका नसणं याला मी उणीव म्हणत नाही. तो गुन्हा आहे.

राहिला पैशाचा मुद्दा, आणि तो खोटा नाही. वीस पटाच्या वाडीतल्या शाळेला स्वतंत्र परिचारिका द्या असं मी म्हणत नाही. पण आपल्याकडे केंद्रशाळा आहेत. आसपासच्या शाळा त्या केंद्राला जोडलेल्या आहेत. केंद्रामागे एक परिचारिका, तिला एक दुचाकी, प्रत्येक शाळेचा ठरलेला वार, आणि दर मुलामागे एक वही जी इयत्तेबरोबर पुढे सरकेल: हे अवघड नाही. घसा सुजून सांधे धरलेल्या, हृदयाची झडप दुखावलेल्या मुलाला पेनिसिलिनचं इंजेक्शन दर एकवीस दिवसांनी, वर्षानुवर्षं लागतं. तो एकविसावा दिवस आईला आठवत नाही, पथकाच्या फेरीत बसत नाही. तो त्या वहीत बसतो. नर्सिंग शिकून कंत्राटावर तुटपुंज्या पगारात राबणाऱ्या मुली प्रत्येक तालुक्यात आहेत. माणसं नाहीत म्हणून हे अडलेलं नाही.

आणि शाळा म्हणजे दवाखाना नव्हे, हे शहरातल्या लाख-दीड लाख फीच्या शाळांना कुणी सांगितलेलं मी ऐकलं नाही. तिथं पांढरी चादर घातलेली खाट असते, गणवेशातली सिस्टर असते, आणि मुलाच्या गुडघ्याला खरचटलं तरी आईला फोन जातो. पालक तो हक्क समजतात, आणि बरोबरच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मात्र वर्गखोल्या, स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण सगळं मोजून लिहिलं आहे, सहावीपासून पुढे आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा अर्धवेळ निदेशकही आहे, परिचारिका नाही. गावातल्या मुलाचं शरीर तेच, आजार जास्त आणि आईबाप कामावर लांब. मग परिचारिका कुणाला आधी मिळायला हवी होती?

ती सहावीतली मुलगी महिन्याभरानं शाळेत परत आली. दिवसातून चार वेळा इन्सुलिन, त्यातलं एक शाळेतल्या खिचडीआधी. तिच्या घरी फ्रिज नव्हता, शाळेतही नव्हता. तिच्या आईनं ओल्या फडक्यात गुंडाळून एका छोट्या मडक्यात इन्सुलिनची बाटली दिली होती. टोचायचं कुठं? कार्यालयात शिक्षक डबे खात बसलेले. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नव्हती. शेवटी तांदळाची पोती ठेवायची खोली उघडून दिली. ती पोत्यावर बसायची, सुईत औषध भरायची, कुडता वर करून पोटाची चिमट धरायची. अकरा वर्षांची होती. किती भरायचं, हात थरथरला तर काय करायचं, घाम फुटला तर कोणती साखर किती द्यायची, यातलं तिला जेवढं माहीत होतं तेवढंही मला नव्हतं. ती सातवी पास होऊन जाईपर्यंत मी रोज त्या दाराशी पाठ करून उभी राहिले, आत कुणी येऊ नये म्हणून. तेवढंच मला येत होतं.